पेशंट समोरचे, पाहुणे आपले

लाखांदुरात आमच्या हॉस्पिटलचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. बोर्डावर ते लिहिलेलं आहे, पण बोर्ड मोहाच्या फांदीमागे आहे आणि फांदी तोडायची परवानगी दामिनी मॅडम देत नाहीत. लोक म्हणतात 'मोहाखालचा दवाखाना'. रिक्षावाले तसं म्हणतात, एसटीचे कंडक्टर तसं म्हणतात, आणि एकदा वीजबिलावरही तसंच छापून आलं होतं, असं सुंदरबाईंचं म्हणणं. सुंदरबाई आमच्या वॉर्डातल्या आया. त्यांचं म्हणणं तपासून पाहायची सोय आमच्याकडे नाही.

मी प्रफुल्ल. नागपूरला हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए केलं आणि या वीस खाटांच्या दवाखान्यात व्यवस्थापक झालो. कॉलेजात शिकवलं होतं, की स्पर्धक कुठून येईल ते सांगता येत नाही. आमचा समोरून आला. म्हणजे अगदी समोरून, रस्त्याच्या पलीकडून. तीन मजले, निळ्या काचा आणि लिफ्ट. ती लिफ्ट आम्हाला जड गेली. उद्घाटनाच्या आठवड्यात आमच्या चार पेशंटांनी सलाइन संपायची वाट पाहिली आणि ते लिफ्ट बघायला गेले. दोघं परत आले.

पोळा झाल्यावर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. तालुक्यातली अर्धी पोरं मॅडमच्या हातावर जन्मली आहेत. उरलेली अर्धी येता येता रिक्षात जन्मली, पण दाखवायला इथेच आली.

"प्रफुल्ल, मी मंडईपर्यंत बघते," मॅडम म्हणाल्या. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरते ती जत्रा. "तोपर्यंत खाटा भरल्या तर ठीक. नाही तर ही जागा देऊन टाकते अन् जाते पोरीकडे पुण्याला."

"कुणाला देता?"

"साकोलीकडचा एक लॉनवाला आहे. त्याला इथं मंगल कार्यालय काढायचं आहे."

लॉनवाला माप घेऊन गेलाही होता. ऑपरेशन थिएटरमध्ये नवरीची खोली, बाळंतपणाच्या खोलीत भटारखाना. मोह तोडून तिथे स्टेज. मी, सुंदरबाई, दोन्ही सिस्टर, गेटवरचा परसराम आणि बाकीचे, आम्ही कुठे जाणार हे त्याच्या नकाशात नव्हतं. सुंदरबाईंना मात्र त्याने जाताना विचारलं होतं, की पोळ्या लाटता येतात का.

"मी त्याले म्हटलं, भाऊ, मले बाळंतपण करता येते," सुंदरबाई सांगत होत्या. "त म्हणते कसा, लग्नात तेवढी घाई नसते."

तेव्हा दवाखाना वाचवायचा होता, आणि वाचवायचं काम माझ्याकडे होतं. पगार मला त्याचाच मिळत होता.

समोरच्या हॉस्पिटलचा मॅनेजर अमर. माझाच वर्गमित्र, कारध्याचा. एकाच प्राध्यापकांच्या त्याच नोट्स आम्ही दोघांनी झेरॉक्स केल्या होत्या. त्यामुळे आमची स्पर्धा म्हणजे आरशासमोर बुद्धिबळ. रोज संध्याकाळी आम्ही दोघं श्यामरावच्या टपरीवर चहा प्यायला भेटायचो आणि एकमेकांची हेरगिरी करायचो. त्यासाठी लपायची गरज नव्हती. टपरी एकच होती.

"का बे, बेड किती भरले?" अमर विचारायचा.

"फुल."

"माह्ये पण फुल."

फरक एवढाच, की तो खरं बोलत होता.

"तुह्या दवाखान्याचा प्रॉब्लेम सांगू का?" एक दिवस तो म्हणाला. "पब्लिक! एका पेशंटमागं निरा सारं गाव येऊन बसते. आमच्याकडं पास सिस्टिम आहे. एका पेशंटले दिवसाले एक पास, एक माणूस, पाच ते सहा. येऊन पाह्य, कसा शांत वॉर्ड आहे."

मी जाऊन पाहिला. खरंच शांत होता. सगळ्या खाटा भरलेल्या आणि सगळे पेशंट छताकडे बघत पडलेले. मला हेवा वाटला.

पब्लिकबद्दल अमरचं खोटं नव्हतं. आमच्या भागात माणूस दवाखान्यात भरती झाला, की गावातल्या घरटी एकाला तरी त्याला पाहायला जावं लागतं. तब्येत विचारणं हा त्यातला लहान भाग. कोण आलं आणि कोण नाही आलं, हे पुढे कैक वर्षं लक्षात राहतं. 'आमच्या आजोबाच्या हर्नियाले तुमच्या घरचं कोनी आलं नोतं' एवढ्या एका वाक्यावर मोडलेली सोयरीक मी स्वतः पाहिली आहे. त्यामुळे नुसतं येऊन भागत नाही, आलेलं चारचौघांना दिसावं लागतं. मग सोयीचं म्हणून गाव ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतं आणि एका दुपारी सगळे मिळून येतात. मोहाखाली तीन दगडांची चूल मांडतात, चहा करतात, पेशंटला खाटेवरून उठवून बाहेर आणून बसवतात आणि त्याला सोडून इतर सगळ्या विषयांवर बोलतात.

एमबीएच्या भाषेत हा आमचा कमकुवतपणा होता. मी तो कागदावर तसा लिहिला, खाली रेघ मारली आणि आमच्याकडेही पास सुरू केले.

"प्रफुल्लभाऊ, पास कायले?" सुंदरबाईंनी विचारलं. "पाहुण्याईले का सिनेमा दाखवून राहिले?"

परसराम मात्र नियमाचा पक्का. पास नाही म्हणून त्याने पहिल्याच दिवशी एका तापाच्या पेशंटलाच गेटवर थांबवलं. पेशंट थोडा वेळ थांबला आणि समोर गेला.

पुढच्या पंधरवड्यात बाकीचेही गेले. त्यांचा हिशेब सरळ होता. पास दोन्हीकडे लागत असेल, तर लिफ्टवाला दवाखाना काय वाईट? दिवाळी आली तेव्हा आमच्याकडे एक बाळंतीण होती आणि एक म्हातारा, जो खरं म्हणजे परसरामचा सासरा होता आणि त्याला काही झालेलं नव्हतं.

मॅडम राउंडला आल्या. राउंड लवकर संपला.

"वॉर्ड किती शांत आहे, प्रफुल्ल."

"हो मॅडम. पास सिस्टिम."

"मोक्षधामही शांतच असते," मॅडम म्हणाल्या आणि केबिनमध्ये गेल्या.

त्याच संध्याकाळी लॉनवाल्याचा फोन आला. वॉर्डाच्या छताला झुंबर पेलेल का, असं त्याला विचारायचं होतं. मी म्हणालो, पंखे पेलतात. तो म्हणाला, मग बघू.

मंडई आठ दिवसांवर आली, तेव्हाची गोष्ट. दुपारी मी खिडकीत उभा होतो आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर वळला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत गच्च माणसं. बाया, बुढे, पोरं. ट्रॉली थेट आमच्या गेटातून आत आली. मी धावत केबिनमध्ये गेलो.

"मॅडम! विषबाधा झाली वाटते! ट्रॉली भरून पेशंट!"

माझ्या आवाजात आनंद होता, असं मॅडमनी मला नंतर सांगितलं. त्या स्टेथोस्कोप घेऊन धावत बाहेर आल्या. मागून दोन्ही सिस्टर सलाइनच्या बाटल्या घेऊन आल्या. सुंदरबाईंनी बादली आणली. ट्रॉलीतून एक धडधाकट माणूस उतरला, त्याने जेवणाचा डबा उतरवला, मग केळ्यांचा घड, मग चहाचं गंज, म्हणजे पातेलं.

"यादोरावले पाहाले आलो," तो म्हणाला.

आमच्याकडे यादोराव नावाचा कुणी नव्हता. परसरामच्या सासऱ्याने आशेने मान वर केली होती, पण त्याचं नाव वेगळं होतं. चौकशी केल्यावर कळलं, की यादोराव हे चुलबंद नदीकाठच्या त्या गावचे शेतकरी, आणि ते भरती होते समोर.

"तुमचा पेशंट समोरच्या दवाखान्यात आहे," मी सांगितलं.

"असल ना," ट्रॅक्टरवाला म्हणाला. तोवर बायांनी चुलीचे दगड शोधले होते. "आमी त अठीच येतो."

"अहो, पण पेशंट तिकडे आहे!"

"पेशंट कोठीबी असल गा. पाहुणे मोहाखालीच बसतेत. तठी एकालेच आत घेते. बाकीच्याईनं का रोडावर बसाचं?"

मी परसरामकडे बघितलं. परसराम पासांचा गठ्ठा घेऊन विचारात पडला होता. नियम होता, एका पेशंटला एक पास. ज्यांचा पेशंटच आमच्याकडे नाही अशा पाहुण्यांबद्दल नियमात काहीच नव्हतं. नियम मीच लिहिला होता.

"साहेब, याईले रोकता येत नाही," परसराम म्हणाला आणि चुलीला फुंकर घालायला बसला.

तेवढ्यात समोरून एक बाई तावातावाने रस्ता ओलांडून आली. यादोरावांची बायको, धुरपता.

"आले का गा सारे?" ती म्हणाली. "बरं झालं. त्या बुढ्याले काई तरी समजवा. निरा परेशान करून सोडलं मले."

"काहून, तब्येत बरी नाही का?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

"तब्येतीले का धाड भरली? हर्नियाचं आपरेशन झालं, टाके निंघाले, डाक्टर म्हणते घरी जा. पण हा का घरी येते? म्हणते, अर्ध गाव मले पाहाले याचं बाकी आहे. दिवसाले एक माणूस सोडतेत तठी. असं पाह्यलं त हा होळीलेबी घरी येत नाही. अन् धान कापाले आलं आहे!"

"मंग त्यालेच आण ना अठी," गर्दीतून कुणी म्हणालं.

धुरपताने क्षणभर विचार केला आणि ती उलट्या पावली गेली.

पुढचं दृश्य मी विसरणार नाही. समोरच्या काचेच्या दारातून यादोराव बाहेर आले. डोक्याला टॉवेल, अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, खाली स्वतःचं धोतर. एका हाताने त्यांनी सलाइनचा चाकांचा स्टँड ढकलत आणला होता. दुभाजकाजवळ स्टँडचं चाक अडकलं. साकोलीची एसटी त्यांच्यासाठी थांबली. मागे दोन मोटारसायकली आणि एक बैलगाडी थांबली. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढलं.

"का झालं, बुवा?"

"पाहुणे आले आहेत," यादोराव म्हणाले.

"अरे, हे त आमचे यादोभाऊ!" एसटीतून आवाज आला आणि एक माणूस पिशवी घेऊन घाईघाईने उतरला. तो निघाला होता लाखनीला, पण भाच्याच्या लग्नाआधी हे पाहायला जाणं त्याच्याकडून राहिलं होतं. इथे आयतंच उरकलं.

मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी आधी सलाइनची बाटली बघितली. बाटली रिकामी होती. नळी बघितली. नळीला सुई नव्हती. नळीचं टोक यादोरावांनी मुठीत धरलं होतं.

"हे काय, काका?"

"सलाइन काढून लय दिवस झाले, बाई," यादोराव हळूच म्हणाले. "पण पाहुण्याईले काई तरी दिसाले पायजे ना. खाली हातानं बसलो त मले बिमार कोन म्हणल?"

मॅडम हसल्या. दिवाळीपासून पहिल्यांदा.

यादोरावांना मोहाखाली बाकावर बसवलं. घरटी एकेकाने येऊन त्यांना पाहिलं, 'बरे झाले का?' विचारलं, त्यांनी कण्हत 'हव' म्हटलं, आणि मग सगळे धानाच्या भावावर बोलायला लागले. तासाभरात अख्खं गाव पाहून झालं. धुरपता म्हणाली, "चला आता घरी."

"मामा?" यादोराव म्हणाले.

यादोरावांचे मामा, मारोतराव, गोसीखुर्दच्या बाजूला राहायचे. तिथल्या धरणात जुनं गाव गेलं तेव्हा त्यांना नव्या वसाहतीत घर मिळालं. ज्याच्याबरोबर निरोप पाठवला तो दोन दिवस मामांच्या जुन्या गावाकडे चालत गेला आणि पाणी लागल्यावर परत आला.

"मामा आल्याबिगर मी सुट्टी घेत नाही," यादोराव म्हणाले. "माह्या बिमारीत मामा आला नाही असं लोकं म्हणतीन."

तेवढ्यात अमर आला. धावत, टाय खांद्यावर उडालेला.

"प्रफुल्ल, पेशंट वापस दे बे!"

"घेऊन जा ना. मी का धरून ठेवलं आहे?"

"चला, यादोराव."

"चाय होऊ दे, बापू," यादोराव म्हणाले.

अमर बाकावर बसला. धुरपताने त्याच्या हातात चहा दिला. तो प्यायला, आणि एकदम त्याचा चेहरा पडला.

"मी जाऊन राहिलो बे," तो म्हणाला. "नोकरी जाऊन राहिली माही."

"तुझी? तुझे तर बेड फुल आहेत!"

"फुलच आहेत ना बे! तोच त लोचा आहे! पेशंट घरीच जाऊन नाही राहिले! ज्याले विचारावं तो म्हणते, अजून काका याचा आहे, अजून साळा याचा आहे. सरकारी योजनेत ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं असते, पेशंट महिनाभर लोळला तरी पैसे तेवढेच. खाणं आमचं, एसी आमचा, लिफ्ट आमची. नवे ऑपरेशनवाले बाहेर वाट पाहून राहिले अन् आत हे छताकडं पाहून राहिले. वरचे साहेब म्हणतेत, मंडईपर्यंत बेड खाली कर, नाही त तू खाली हो."

मी त्याच्याकडे बघितलं. ज्या शांत वॉर्डाचा मला हेवा वाटला होता, तो शांत वॉर्ड म्हणजे चक्का जाम होता. आणि मी तो इमानदारीने आमच्याकडे आणायला निघालो होतो. आमच्याकडे पेशंटच उरले नाहीत म्हणून वाचलो.

"अमर," मी म्हणालो, "तुझ्या खाटा अडकल्या आहेत. माझ्या रिकाम्या आहेत."

"हव. मंग?"

"ऑपरेशन तुझ्याकडे कर. टाके सुकेपर्यंत इकडे पाठव. ट्रॉली येईल, एका दुपारी गाव पाहून घेईल, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी. पॅकेजमधला राहण्या-खाण्याचा वाटा आम्हाला. पेशंट तुमचे, पाहुणे आपले."

"पेशंट राहतील, पण तुमचे सर्जन रोज रस्ता ओलांडून त्यांना बघून जातील," मॅडम मागून म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या आत गेल्या. "आणि कुणी बिघडलं तर रात्र असो का दिवस, तुमचं दार उघडं पाहिजे. हे कबूल असेल तर बोला."

अमर उठला. "साहेबाईले विचारतो," तो म्हणाला, आणि यादोरावांना घेऊन गेला. एसटी अजून तिथेच होती. ड्रायव्हर चहाला उतरला होता.

साहेबांनी नाही म्हटलं. ते नागपूरचे होते. त्यांचं म्हणणं, की एका झाडासाठी धंद्यातला वाटा द्यायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे? झाडच पाहिजे ना, तर झाड आणू. दोन दिवसांत तिसऱ्या मजल्यावर 'पाहुणे कक्ष' तयार झाला. एसी, सोफे, आणि मध्यभागी छताला टेकेल एवढं प्लास्टिकचं झाड. पासही तेवढ्यापुरते बंद.

आता आमचं कसं होणार, या काळजीने मला जेवण जाईना. सुंदरबाई समोर जाऊन बघून आल्या. लिफ्टने त्या तीनदा वर-खाली गेल्या होत्या.

"झाड चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पानं लय हिरवे आहेत. पण यंदा फुलं येतीन असं काई वाटत नाही."

पाहुणे आले. एक अख्खी ट्रॉली आली, लिफ्टने वर गेली, सोफ्यावर बसली, 'गज्जब आहे' म्हणाली आणि पाऊण तासाने खाली येऊन, पेशंटला बरोबर घेऊन, रस्ता ओलांडून आमच्या मोहाखाली बसली.

"वर चांगलं नव्हतं का?" मी एका काकूंना विचारलं.

"चांगलं होतं, बापा. थंडगार होतं. पण तठी बसलो त रोडावरून जाणाऱ्याले कोन दिसते? उद्या कोनी म्हणन, आलीच नोती."

त्यानंतर रोज चार वाजता समोरच्या दारातून वरात निघू लागली; कुणाची ट्रॉली कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून सगळेच निघायचे. पुढे यादोराव त्यांच्या रिकाम्या सलाइनसह, मागे अपेंडिक्स, मग मुतखडा, मग दोन हर्निया, मग आणखी बारा-पंधरा हिरवे झगे, शेवटी प्लास्टर घातलेला पाय व्हीलचेअरवर. अमर स्वतः लाल रुमाल घेऊन रस्त्याच्या मध्ये उभा राहून गाड्या थांबवायचा. एमबीएला तो पहिला आला होता. एसटीचा कंडक्टर आता आमच्या गेटसमोर घंटी मारून 'मोहाखालचेऽऽ' असं ओरडायला लागला. तिथे थांबा नव्हता, पण बस थांबायचीच, तेव्हा उतरून घेतलेलं बरं, असं लोकांनी ठरवलं.

गर्दी अशी वाढली, पण आमच्या खाटा रिकाम्याच होत्या. पाहुणे चहा स्वतःचा करायचे, केळी स्वतःची आणायचे. संध्याकाळी ट्रॉल्या परत, पेशंट परत, आणि आमच्याकडे राहायची केळ्यांची सालं आणि परसरामचा सासरा. मॅडम केबिनच्या खिडकीतून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "लॉनवाला परवा येऊन राहिला. मंडईच्या दिवशी."

मंडईच्या आदल्या दिवशी समोरचे साहेब नागपूरहून आले. चारच्या सुमारास आले, ही त्यांची चूक. त्यांची गाडी आमच्या गेटसमोर वरातीत अडकली. साहेबांनी काच खाली केली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या हॉस्पिटलचा हिरवा झगा घातलेला माणूस त्यांच्या खिडकीशी सलाइनचा स्टँड टेकवून दम खात होता.

"तुम्ही पेशंट आहात?" साहेबांनी विचारलं.

"हव."

"काय होतं तुम्हाला?"

"काईच नाही," यादोराव म्हणाले. "मामा याचा आहे."

साहेबांनी काच वर केली. मग पुन्हा खाली केली आणि अमरला हाक मारली. पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. अमर लाल रुमालाने घाम पुसत होता एवढं दिसलं. थोड्या वेळाने तो रस्ता ओलांडून आला आणि ओरडला, "मॅडम! कबूल! सर्जन येतीन! दार उघडं राहीन! आजच न्या!"

"किती?" मी विचारलं.

"सारेच!"

त्या संध्याकाळी वरात आली ती परत गेलीच नाही. अपेंडिक्सला खिडकीजवळची खाट दिली, मुतखड्याला दाराजवळची, प्लास्टरवाल्या पायाला पंख्याखाली. सर्जन स्वतः कागद घेऊन आले आणि एकेक पेशंट मॅडमना समजावून देऊन गेले. सिस्टरांनी चादरी कमी पडतात म्हणून आरडाओरडा केला. इतक्या दिवसांनी चादरी कमी पडल्या, हे ऐकून मी बाहेर जाऊन मोहाला टेकून उभा राहिलो. आडवं व्हायला खाट पाहिजे होती, पण एकही रिकामी नव्हती. परसरामने सासऱ्याला घरी नेलं. सासऱ्याला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंडई. सकाळपासून मंडईला निघालेल्या ट्रॉल्या वाटेत आमच्याकडे थांबत होत्या, एका फेरीत दोन कामं. मोहाखाली तीन चुली पेटल्या होत्या. नवे कपडे, पोरांच्या हातात फुगे. अकरा-साडेअकराला लॉनवाला पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि गेटातच थबकला.

"मॅडम, हे का?" तो घाबरून म्हणाला. "आपलं बोलणं झालं होतं ना! तुम्ही दुसऱ्याले लॉन देऊन टाकलं का? कोणाचं लग्न आहे?"

"हर्नियाचं," सुंदरबाई म्हणाल्या.

मॅडमनी त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. "भाऊ, माफ करा," त्या म्हणाल्या. "एक खाट रिकामी नाही इथं. लॉन कुठून देऊ?" आणि पेढ्यांचा पुडा त्यांनी स्वतःच उघडून वाटायला घेतला. पहिला पेढा मला दिला. मग दुसराही दिला.

तेवढ्यात एसटी थांबली, कंडक्टर 'मोहाखालचेऽऽ' ओरडला आणि एक काटक म्हातारा काठी टेकत उतरला. ऐंशीच्या पुढचा. यादोराव ताडकन उभे राहिले, मग आठवण होऊन हळूच बसले आणि कण्हले.

"मामा!"

मारोतरावांनी जवळ येऊन भाच्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"बरा त दिसून राह्यला," ते म्हणाले. "कायले बलावलं मले?"

"बरा झालो, मामा. तुमच्यासाठीच थांबलो."

"एसटीवाल्यानं निरोप दिला त दोन गाड्या बदलून आलो, लेका," मामा म्हणाले, आणि त्यांना घेरी आली. परसरामने त्यांना पकडलं. मॅडमनी तिथेच बाकावर बीपी बघितलं. वाढलं होतं, घाबरण्यासारखं नव्हतं.

"आबा, दोन दिवस इथं राहा. आराम करा. गोळ्या देते."

"राहीन," मामा लगेच म्हणाले. "पण माह्या गावाले सांगा. नव्या गावाले सांगजा, जुन्याले नाही."

आता खाट कुठून आणायची, हा प्रश्न होता. यादोराव उठले. या वेळी खरेच, पेशंटसारखे नाही तर धान कापायचं राहिलेल्या माणसासारखे उठले.

"माही देजा," ते म्हणाले. "माही सुट्टी झाली."

धुरपताने वर बघून हात जोडले. मोहाला की देवाला, ते कळलं नाही. यादोरावांनी झगा काढून घडी करून सुंदरबाईंच्या हातात दिला. मग सलाइनचा स्टँड ढकलत मामाजवळ आणला आणि रिकाम्या नळीचं टोक त्यांच्या मुठीत ठेवलं.

"घ्या, मामा. उद्या पाहुणे येतीन तुमचे."

मामांनी नळी घट्ट धरली आणि थोडं कण्हून पाहिलं. जमलं.

यादोरावांची ट्रॉली मंडईकडे निघाली तेव्हा रस्त्याच्या पलीकडून अमरचा आवाज आला. तो पायरीवर चहाचा कप घेऊन उभा होता. टाय काढलेला, दोन महिन्यांत पहिल्यांदा निवांत.

"प्रफुल्ल! स्टँड आमचा आहे बे तो!"

"माहीत आहे!" मी ओरडलो. "मामा घरी गेले की पाठवतो!"